सोवळे, विटाळ आणि उकळते पाणी

नदीपलीकडे नृसिंहवाडी आणि अलीकडे आमचे कुरुंदवाड. त्यामुळे सोवळे म्हणजे काय, हे आम्हाला शाळेत शिकवावे लागले नाही. ओलेत्याने जाणाऱ्या माणसाला वाट द्यायची, त्याच्या अंगाला अंग लावायचे नाही, एवढे चालता येऊ लागले की कळायचे.

माझी आई मात्र दुसरेच सोवळे पाळायची. मिरजेच्या एका दवाखान्यात ती आया होती. सकाळच्या एसटीने जायची, दिवेलागणीला परत यायची. शस्त्रे, काचेच्या सिरिंज आणि सुया उकळणे, कापडाच्या घड्या ड्रममध्ये भरून वाफेला लावणे हे तिचे काम. सातवीपर्यंत शिकलेल्या या बाईने मला एकदा सांगितले होते, ‘‘देवळात आपल्याला कुणाचा विटाळ हुईल म्हणून जपायचं. दवाखान्यात आपला विटाळ पेशंटला हुईल म्हणून जपायचं. एवढाच फरक हाय बघ.’’

मी डॉक्टर नाही. औषधांच्या दुकानात बसून जे हाती लागेल ते वाचत गेलो. रुग्णालयातील जंतुसंसर्गाचा इतिहास गेली काही वर्षे जुळवतो आहे आणि आईच्या त्या वाक्याच्या पलीकडे मला फारसे जाता आलेले नाही.

आमच्या घरात या इतिहासाची एक नोंद आहे, पण ती कागदावर नाही. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, बाळंत झाल्यावर नवव्या दिवशी तापाने गेली. वडील तेव्हा चार वर्षांचे. घरात याला ‘बाळंतरोग’ म्हणत आणि नशिबावर सोडून देत. खोली कशी होती ते मात्र थोरल्या आत्याला आठवत होते. घरातली सर्वांत अंधारी खोली, खिडकी बुजवलेली. अंथरायला जुनेरे, तेही टाकून द्यायच्या लायकीचे, कारण बाळंतीण विटाळशी. तिला लागलेले कापड पुन्हा घरात घ्यायचे नाही, मग चांगले कशाला द्या? सुईण येई तीही समाजाने दूर ठेवलेली. नाळ कापायला जे हाताशी असेल ते. ज्या दहा दिवसांत बाईला घरातले सर्वांत स्वच्छ कापड मिळायला हवे, त्याच दहा दिवसांत रिवाज तिला सर्वांत घाण कापड देत होता. आपल्याकडच्या शुचितेचे कौतुक करणारे लेख दिवाळी अंकांतून मी पुष्कळ वाचले आहेत. हे जुनेर त्यांत कधी दिसले नाही.

पण हा दोष एकट्या आपला नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनांपेक्षाही कमी. बायका पहिल्या विभागात जायला नको म्हणून हातापाया पडत. तिथे काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइस या तरुण हंगेरियन डॉक्टरला हे कोडे सुटेना. मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीने त्याच्या बोटाला जखम झाली होती, आणि त्याच्या मृत शरीरात आढळलेल्या खुणा हुबेहूब बाळंतज्वराच्या होत्या. मग उलगडा झाला. विद्यार्थी सकाळी प्रेते फाडत आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासत. सुइणी प्रेतांना हात लावत नसत. सेमेलवाइसने मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्के असलेले मृत्यू जूनमध्ये दोनाच्या आसपास आले.

एवढा आकडा समोर असूनही मोठमोठ्या डॉक्टरांनी ते मानले नाही. सभ्य माणसाचा हात अस्वच्छ असूच कसा शकतो? हा प्रश्न मला अगदी ओळखीचा वाटला. सोवळ्यात शुद्धता माणसाच्या दर्जावरून ठरते, हाताला काय लागले आहे यावरून नाही. व्हिएन्नाचे प्राध्यापकही त्यांच्या परीने सोवळेच पाळत होते. सेमेलवाइस १३ ऑगस्ट १८६५ रोजी वेड्यांच्या इस्पितळात मेला, तोही जखम चिघळून. त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

आता कोल्हापूर. आनंदीबाई जोशी यांची हकीकत मराठी वाचकाला पाठ आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, मग अमेरिका, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी. तिथे त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा होता, याकडे मात्र थोडे कमी लक्ष जाते. स्वतःचे मूल गमावलेली मुलगी बाळंतिणीच्या खोलीवरच लिहायला बसली. त्यांची नेमणूक झाली होती ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात क्षयाने वारल्या आणि ती खुर्ची रिकामी राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाबाई केळवकर त्या रुग्णालयात आल्या, शाहू महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी विलायतेलाही पाठवले. मधली वर्षे मात्र गेलीच. कुरुंदवाड काही कोल्हापूरपासून लांब नाही, पण माझ्या आजीपर्यंत त्यातले काहीच पोचले नाही.

मिरजेचे तसे नव्हते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचे इस्पितळ उघडले. पुढे त्यांना ‘सर’ किताब मिळाला, वानलेसवाडी हे नाव मागे राहिले. त्यांच्या हाताच्या गुणाच्या कथा या भागात अजून ऐकायला मिळतात. माझ्या मते मात्र मिरजेला जे लाभले ते एका सर्जनच्या हातापेक्षा मोठे होते. तिथे परिचारिका घडवल्या गेल्या. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावणे हे वरच्या म्हणवणाऱ्या जातींना विटाळाचे काम वाटे, त्यामुळे या कामात सुरुवातीला ख्रिस्ती मुलींचा भरणा होता. त्यांनी पुढच्यांना शिकवले, त्या पुढच्यांनी आणखी कुणाला. माझ्या आईला उकळायला शिकवले ते अशाच एका वयस्क सिस्टरने. पाण्याला उकळी फुटल्यावर वेळ मोजायची, भांडे ठेवल्यापासून नाही. मध्येच एखादी सुई टाकली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही शिस्त कुठल्याही चरित्रात नाही. ती या हातातून त्या हातात गेली.

शस्त्रे उचलायला आईकडे लांब दांड्याचा एक चिमटा असे. दवाखान्यात त्याला ‘चिटल’ म्हणतात. औषधी पाण्याच्या उभ्या बरणीत तो बुडवून ठेवायचा. तो जमिनीवर पडला की झटकून, पुसून, औषधात बुचकळून चालत नसे. सरळ उकळायला. याच चिमट्यामुळे मला मुल्कोवालचे प्रकरण नीट समजले.

प्लेगवरची लस वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. संशय परळवर आला, कारण हाफकिन यांनी लस निर्जंतुक करताना कार्बोलिकऐवजी उष्णतेवर भर दिला होता. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे तपशील तपासले तेव्हा दिसले ते असे : बाटलीचे बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवून घेतला आणि त्यानेच बूच उपसले. बाटली भरून कित्येक आठवडे झाले होते. जंतू परळलाच शिरले असते तर उघडताना घाण वास आला असता, तो कुणाला आला नाही. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी जाहीरपणे बाजू मांडली तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा डाग गेला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. त्या मदतनिसावर राग काढण्यात मला अर्थ वाटत नाही. प्लेगच्या धामधुमीत, उघड्यावर, उकळायला चूल तरी होती की नाही कोण जाणे.

आता जवळची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आई पडली, खुब्याचे हाड मोडले. एका शहरातल्या चांगल्या म्हणवणाऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. अतिदक्षता विभागाच्या दाराशी रखवालदाराने माझ्या चपला काढायला लावल्या, पिशवी बाहेर ठेवायला लावली. मी निमूट ऐकले. आत एक तरुण डॉक्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होते. शेजारच्याची जखम पाहिली आणि त्याच हाताने आईची पट्टी उचकटली. भिंतीवर हात चोळायच्या औषधाची बाटली होती, तिचे डोके दाबले तरी काही येत नव्हते. आई मला हळूच म्हणाली, ‘‘त्यानं हात धुतला न्हाई रं.’’ मी काही बोललो नाही. डॉक्टरांना कसे सांगायचे?

आठव्या दिवशी टाक्यांतून पू आला. जंतू नेमका कुठून आला हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि करायलाही गेलो नाही. दोन महिने शिरेतून प्रतिजैविके चालली, जखम पुन्हा उघडून धुतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात म्हटले आहे की, आपल्यासारख्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरांतल्या पंधरा जणांना तिथेच नवा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत सात जणांना. हे मी नंतर वाचले. चपला बाहेर काढायला लावणारी ती व्यवस्था मला आठवत राहिली. ते देवळाचेच सोवळे होते, बाहेरून येणाऱ्याच्या विटाळाला भिणारे. आतल्या हाताला कुणी भीत नव्हते.

आई वॉकर धरून घरात हिंडू लागली तेव्हा मी तिला मुल्कोवालची हकीकत वाचून दाखवली. हाफकिन, चौकशी, रॉस, सगळे. ती चष्मा पुसत ऐकत होती. चिमट्याच्या ओळीपाशी तिने मला थांबवले.

‘‘पडला म्हणतोस, मग उकळला का न्हाई?’’

मी म्हटले, घाई असेल, रांग मोठी असेल.

‘‘रांग आमच्याकडं बी असायची,’’ ती म्हणाली आणि पुढे वाच म्हणून खूण केली.