डफाचे कातडे आणि पोवाड्याचा इतिहास

१८९१ साली ऍक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला आणि शाहिरी वाङ्मय अभ्यासकांच्या हाती आले. छापखान्यात शब्द पोचले, डफ मात्र बाहेर राहिला. आपल्या वाङ्मयेतिहासात तो आजही बाहेरच आहे.

वास्तविक डफाची घडण गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंची. लाकडाचे गोल किंवा अष्टकोनी कडे, एका तोंडावर भिजवून ताणलेले बकरीचे कातडे, दुसरे तोंड मोकळे. वाळताना कातडे आकसते आणि ताण धरते. दमट हवेत तो ताण उतरतो, म्हणून वाजविण्यापूर्वी डफ विस्तवावर शेकायचा. खंडोबाच्या जागरणातील दिमडी त्याहून लहान, एका हातात मावणारी. तिच्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले. जागरण मात्र थांबले नाही. साहित्य बदलले म्हणून वाद्य मरत नाही, असा याचा अर्थ.

परंतु कातडे कोणाच्या हातून येई, हा प्रश्न उरतोच. गावगाड्यात मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे आणि पुष्कळ ठिकाणी सणावारी, लग्नकार्यात वाजविणे ही कामे महार, मांग, ढोर, चांभार अशा जातींवर गावोगावच्या रिवाजाप्रमाणे वाटून लादलेली होती. ठेका ज्याचा, त्याला देवळाच्या पायरीवरही स्थान नव्हते. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, असे आवाहन केले. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक ठिकाणी ढोरे ओढण्याचे आणि वाजविण्याचे कामही नाकारले गेले. या नकाराकडे ‘लोककलेचा ऱ्हास’ म्हणून पाहणे हा अन्याय होईल. तेथे वेठ नाकारली गेली होती.

कारण याच काळात शाहिरी दुसरीकडे नव्याने उभी राहत होती. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा घाट प्रबोधनासाठी वापरला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, आणि शाहिरी गिरणगावातील कामगारांपर्यंत गेली. गावकीच्या हुकुमावरून वाजविणारा आणि आपले म्हणणे मांडण्यासाठी वाजविणारा यांच्या हातांतले वाद्य एकाच कुळातले असेल. त्यांचा हक्क एक नाही.

आज हलगीला प्लास्टिकचा पडदाही बसतो. तो शेकावा लागत नाही, आणि त्याच्यासाठी कोणाला ढोर ओढावे लागत नाही. जुन्या नादाची हळहळ जरूर वाटावी. पण वर्गात पोवाडा शिकविताना वृत्त, रस आणि वीरश्री यांच्याबरोबर हेही विचारले पाहिजे, की हे कातडे कोणी कमावले आणि त्याला काय मिळाले?