आधी स्लॉट, मग कार्ड

जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड हवे असले, की वसई-विरारकर लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठतो. पण निघण्यापूर्वी कॅबिनेट उघडून स्लॉट पाहावा. १९९७ मध्ये इंटेलचा ‘एजीपी’ स्लॉट संगणकात आला. २००४ मध्ये ‘पीसीआय एक्सप्रेस’ आला आणि एकाचे कार्ड दुसऱ्यात बसेना. आदल्याच वर्षी हौसेने संगणक घेतलेल्यांची पंचाईत झाली. पीसीआय एक्सप्रेसमध्ये मात्र नव्या पिढीचे कार्ड बहुधा जुन्या स्लॉटमध्येही चालते. कार्डाचा मोठा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज देतो. पॉवर सप्लाय जुना असेल, तर तेवढ्यात भागणारे, वेगळी वायर न मागणारे कार्ड घ्यावे. नाहीतर स्वस्तातले कार्डही महागात पडते.