गोळीतली शक्ती

२९ जून १९५५. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील वाउत्ला या डोंगरी गावी, एका घरात रात्री जागरण मांडले होते. ते चालवत होती मारिया साबिना : मासातेक जमातीची, निरक्षर, स्पॅनिश न येणारी वैदूबाई. समोर बसला होता न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष गॉर्डन वॅसन. तिने त्याला खायला अळंबी दिली. ती या अळंब्यांना ‘पवित्र लेकरे’ म्हणे. मग मेणबत्त्या विझल्या आणि अंधारात तिचे गाणे सुरू झाले.

जागरण हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. देवांच्या तसबिरी, धूप, रात्रभर गाणे, आणि बहुधा घरात कोणीतरी आजारी. दुखणे कुठून आले ते लेकरांना विचारायचे. त्या रात्री मात्र पाहुण्यांपैकी कोणीच आजारी नव्हते.

मे १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात वॅसनचा लेख आला. बाईचे नाव त्याने बदलले होते. त्याचा उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये, एलएसडीचा जनक आल्बर्ट होफमन याने या अळंब्यांतून सायलोसायबिन वेगळे काढले. १९६२ मध्ये त्याच्या गोळ्या घेऊन तो वॅसनबरोबर साबिनाकडे गेला. गोळीचा अंमल अळंब्यांपेक्षा उशिरा येतो. त्यामुळे प्रथम तिला वाटले, हिच्यात काही जीव नाही. पहाटे मात्र तिने निर्वाळा दिला : लेकरांची शक्ती गोळीतही आहे. हंगाम नसतानाही आता रोग्यांचे पाहता येईल, म्हणून ती खूश झाली.

रसायनाने आलेला साक्षात्कार खरा मानावा का, याचा खल तेव्हा अमेरिकेतल्या विद्यापीठांत चालू होता. साबिनाला तो प्रश्न पडलाच नाही. आपले ब्राह्मणग्रंथही याच वळणाचे आहेत. सोम न मिळाल्यास पूतीकासारखी दुसरी वनस्पती कुटावी, असे ते सांगतात. यज्ञ अडत नाही. (वॅसनही पुढे सोमाकडे वळला. सोम म्हणजे लाल टोपीचे एक अळंबे, हे त्याचे १९६८ चे प्रतिपादन बहुतेक वेदाभ्यासकांच्या गळी उतरलेले नाही.)

साठच्या दशकात वाउत्लाला हिप्पींची रीघ लागली. ते देव शोधत होते. मागोमाग पोलीस आले. साबिनाला चौकशांना तोंड द्यावे लागले, तिचे घर जाळले गेले. अखेर लष्कराने परक्यांची वाट अडवली.

म्हातारपणी तिने अल्वारो एस्त्रादा या मासातेक लेखकाला आपली हकिगत सांगितली. ती १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. वॅसनच्या आधी नुसता देव शोधायला लेकरे कोणी घेत नसे, ती रोगी बरा व्हावा म्हणून घेतली जात, असे ती त्यात सांगते. आणि परके आल्यापासून लेकरांचे बळ गेले, असेही.

अळंब्यांतले रसायन तर तेच होते. होफमनची गोळी तिने स्वतःच पारखली होती.