जंजिऱ्याचा अपुरा सेतू

राजपुरी आणि जंजिरा यांमधील खाडी दगडांनी भरून काढायची आणि सैन्य पायी किल्ल्याला भिडवायचे! १६८२ च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराजांनी हे काम खरोखरच हाती घेतले.

कल्पना अघटित नव्हती. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने टायर बेटापर्यंत असाच बांध घातला होता. मात्र त्याला सात महिने मिळाले, शिवाय सायप्रस व फिनिशियाची जहाजे अखेर त्याच्या बाजूस आली. इकडे सिद्दीच्या आरमारामागे मोगल उभे होते. आणि बांधाचे काम चालू असतानाच हसन अली खानाची फौज घाट उतरून कल्याण प्रांतात शिरली. महाराजांना तिकडे वळावे लागले.

वेढा दादाजी रघुनाथ देशपांडे यांच्या हाती आला. यश आल्यास अष्टप्रधानांत स्थान, असे त्यांना आश्वासन होते म्हणतात. बांध सोडून त्यांनी होड्यांतून हल्ला चढवला, तोही फसला.

या सेतूची संभावना निव्वळ वेडगळपणा म्हणून करणे एकांगी ठरेल. खाडीच्या पाण्याइतकेच कल्याणकडच्या मोगल घोडदळानेही हे काम अडवले.

सिकंदराच्या बांधाभोवती वाळू साचून टायर आज मुख्य भूमीला जोडले गेले आहे. जंजिऱ्याला अजूनही होडीनेच जावे लागते.