रिकामी पुंगळी

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. मूळ शब्द ‘कार्तुशु’, आणि त्याच्याही मागे इटालियन ‘कार्ता’, म्हणजे कागद. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या या शब्दाने आपली मूळ ओळख पोटात जपून ठेवली आहे. आरंभीचे काडतूस ही खरोखरच कागदाची पुडी होती. मोजून घेतलेली दारू आणि शिशाची गोळी एका कागदात गुंडाळायची, वेळ आली की पुडीचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. एन्फिल्ड रायफलच्या अशाच पुडीला लावलेल्या चरबीवरून १८५७च्या आरंभी काय घडले, हे वाचकांस सांगावयास नको. कोकणातील वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या गोडसे भटजींना महूच्या छावणीपाशी याच काडतुसांची हकीकत ऐकावयास मिळाली होती. ‘माझा प्रवास’ वाचलेल्या इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळींना ते प्रकरण आठवत असेल.

कागदी काडतुसाचा एक विशेष असा की, बार उडाला की मागे जवळजवळ काहीच उरत नाही. कागद जळतो किंवा वाऱ्यावर जातो. पुढील दहा वर्षांत कागदाची जागा धातूने घेतली, आणि प्रत्येक बारामागे एक वस्तू शिल्लक राहू लागली. शिकारी आणि पोलीस तिला ‘पुंगळी’ म्हणतात. काम संपलेली, रिकामी आणि फेकून देण्याजोगी अशी ही वस्तू. तिचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ही कथा मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम भागात घडते, तरी तिची सुरुवात आपल्यापासून फार दूरची नाही.

धातूच्या काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली ठिणगी पाडणारी टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. १८६६ साली दोन माणसांनी, दोन देशांत, टोपी बसवण्याच्या दोन वेगळ्या रीती काढल्या. अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या रीतीत टोपी ज्यावर आपटून पेटते ती लहानशी ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते, आणि ठिणगी आत जाण्यासाठी तिच्या बाजूंना बारीक छिद्रे असतात. इंग्लंडमधील वुलिच येथील शाही प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीतच बसवली, त्यामुळे पुंगळीच्या बुडाशी मधोमध एकच छिद्र पुरेसे झाले. फरक दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु बॉक्सरच्या पुंगळीत वरून एक सळई घातली की ती मधल्या छिद्रातून जुनी टोपी ढकलून बाहेर काढते, आणि तेथे नवी बसवता येते. बर्डनच्या पुंगळीत तीच सळई ऐरणीवर अडते.

इतिहासाची गंमत अशी की, अमेरिकन बर्डनची रीत युरोपातील सैन्यांनी उचलली, आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेत रुजली. सरकारी कारखान्यात लाखोंच्या संख्येने काडतुसे पाडणाऱ्या राज्यांना वापरलेल्या पुंगळीची फिकीर नव्हती. ज्या वर्षांत ब्रिटिश सैन्य बॉक्सरच्या काडतुसांवर चालणारी स्नायडर रायफल स्वीकारीत होते, त्याच सुमारास, १८६९ साली, पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. सैनिकाने काडतूस उडवावे, नवे काडतूस सरकारने द्यावे, अशी ती व्यवस्था होती. अमेरिकेच्या पश्चिमेकडील एकाकी वस्तीत राहणाऱ्याची स्थिती निराळी होती. त्याच्यासाठी काडतुसातील सर्वांत महाग भाग म्हणजे पितळ, आणि दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर. रिकामी पुंगळी खिशात परत टाकणे हा त्याच्या दृष्टीने काटकसरीचा आणि प्रसंगी जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

१८७३ साली विंचेस्टर कंपनीने आपली प्रसिद्ध रायफल आणि तिच्याबरोबर ‘फॉर्टीफोर-फॉर्टी’ या नावाने पुढे ओळखले गेलेले काडतूस बाजारात आणले. चव्वेचाळीस हे गोळीच्या व्यासाचे माप, तर चाळीस म्हणजे चाळीस ग्रेन, सुमारे २.६ ग्रॅम काळी दारू. ही दारू पुंगळीत काठोकाठ मावत असे. त्याच दशकात कंपनी ते काडतूस घरी भरण्याची हत्यारेही विकू लागली. १८८४ साली जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये ‘आयडियल’ कंपनी काढली. तिचे हत्यार दिसावयास आपल्या अडकित्त्यासारखे होते. जुनी टोपी काढणे, नवी बसवणे आणि गोळी तोंडाशी घट्ट करणे, ही कामे त्या एकाच हत्याराने होत, आणि काही नमुन्यांत शिसे ओतून गोळी पाडण्याचा साचाही जोडलेला असे. खोगिराच्या पिशवीत मावणारा हा एक लहानसा कारखानाच होता म्हणा ना.

ही विद्या गोऱ्या वसाहतकऱ्यांपुरती नव्हती. लकोटा, शायेन आदी मैदानी जमातींच्या योद्ध्यांना दारूगोळ्याचा नियमित पुरवठा कधीच नव्हता. तेही रिकाम्या पुंगळ्या जपत, आणि ठासणीच्या बंदुकीच्या टोप्या त्यांच्या बुडाशी बसवून पुन्हा बार भरत. ज्याच्यामागे कारखाना नाही, त्याला पुंगळीची किंमत सर्वांत आधी कळते.

ज्याच्यामागे कारखाना होता, त्याची गोष्ट आता पाहू. २५ जून १८७६ रोजी माँटाना प्रदेशात लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी जॉर्ज कस्टर आणि त्याच्या थेट हुकमतीखालील सुमारे २१० माणसे लकोटा, शायेन व अरापाहो योद्ध्यांशी लढताना मारली गेली. त्या तुकड्यांतील एकही सैनिक वाचला नाही. अमेरिकन राष्ट्राच्या शताब्दीच्या वर्षातच बसलेल्या या धक्क्याचे कारण शोधणे सुरू झाले, आणि एक कारण लवकरच हाती आले : काडतुसे.

घोडदळाजवळ एका वेळी एकच बार काढणारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन होती. तिच्या काडतुसाची पुंगळी पितळेची नसून तांब्याची होती. तांबे मऊ. बाराच्या दाबाने ते फुगून नळीच्या बुडातील कोठीला चिकटते, आणि पितळासारखे चटकन आकसत नाही. चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेल्या काडतुसांवर हिरवा कळंक चढे, त्याने ते अधिकच घट्ट बसे. नळी तापली की पुंगळी ओढून काढणारी आकडी पुंगळीचा काठ फाडून मोकळी होई, आणि पुंगळी आतच राही. मग चाकूच्या टोकाने ती उचकटून काढायची. याच लढाईत टेकडीवर तग धरून राहिलेल्या मेजर मार्कस रीनोने काही दिवसांतच शस्त्रास्त्र खात्याचे प्रमुख जनरल बेने यांना पत्र लिहून, आपल्याकडील ३८० कार्बाइनांपैकी सहा अशा रीतीने निकामी झाल्याचे कळविले. (या जनरलांचे नाव साहित्यरसिकांस ओळखीचे वाटेल. कवी स्टीफन व्हिन्सेंट बेने हे त्यांचे नातू, आणि आजोबांचेच नाव त्यांना मिळाले होते.)

तीनशे ऐंशींत सहा, हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास जाते. परंतु दंतकथेला टक्केवारीशी कर्तव्य नसते. चाकूने पुंगळ्या उचकटणारा असहाय सैनिक हे चित्र लोकांच्या मनात ठसले. पराभव माणसांचा नव्हे, तांब्याचा झाला, असे मानण्यात एक सोय होती. सेनापतीचा निर्णय चुकला, सैन्याची फळी मोडली, किंवा समोरचे योद्धे अधिक चांगले लढले, यातील काहीही मग कबूल करावे लागत नव्हते. त्या लढाईतून जिवंत परतलेल्या लकोटा व शायेन लोकांनी आपापल्या हकीकती सांगितल्या होत्या. सैनिकांची फळी कशी विस्कळित झाली, ते कसे गटागटाने पळाले, हे त्यांत होते. परंतु परस्परविरोधी आणि अविश्वसनीय म्हणून त्या बव्हंशी बाजूला ठेवल्या गेल्या.

ऑगस्ट १९८३ मध्ये वणव्याने त्या रणभूमीवरील गवत आणि झुडपे जळून गेली, जमीन उघडी पडली. १९८४ आणि १९८५ साली डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांच्या मदतीने धातुशोधक यंत्रे घेऊन ती जमीन पद्धतशीर तपासली. सापडलेली प्रत्येक गोळी आणि प्रत्येक पुंगळी नेमक्या जागेसह नोंदवली गेली. गुन्ह्याच्या तपासात वापरतात तीच रीत येथे वापरण्यात आली. प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन पुंगळीच्या बुडाशी आपली स्वतंत्र खूण उमटवते. तीच खूण रणभूमीच्या दुसऱ्या भागात सापडली, तर ती बंदूक, म्हणजेच ती हाती असलेला माणूस, येथून तेथे गेला असा अर्थ होतो.

एकशेआठ वर्षे मातीत पडलेल्या पुंगळ्या बोलू लागल्या. उचकटल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या निघाल्या, पण अगदी अल्प. बंदुका अडकल्या हे खरे, अडकल्यामुळे लढाई हरली हे मात्र नव्हे. हेन्री आणि विंचेस्टर या एकामागून एक बार काढणाऱ्या रायफलींच्या पुंगळ्या मोठ्या संख्येने सापडल्या, त्या योद्ध्यांच्या बाजूच्या. फॉक्स यांनी पुढे १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, चित्रांत दिसते तशी अखेरच्या माणसापर्यंत निश्चलपणे दिलेली झुंज येथे दिसत नाही. फळी आधी मोडली, आणि शेवट त्यानंतर झाला. याचा अर्थ, शतकभर दुर्लक्षित राहिलेले लकोटा आणि शायेन साक्षीदार मुख्य मुद्द्यावर खरे बोलत होते. १९९१ साली त्या स्थळाचे नावही बदलले. ‘कस्टर रणभूमी’ ही ‘लिटल बिगहॉर्न रणभूमी’ झाली.

येथे एक प्रश्न उरतो. पुंगळी अडकते म्हणजे नेमके काय होते, हे आज कोणाला ठाऊक आहे? पुस्तकी ज्ञान निराळे आणि हाताचे ज्ञान निराळे. ते हाताचे ज्ञान टिकवून धरणारा एक विलक्षण छंद अमेरिकेत आहे. १९८२ साली दक्षिण कॅलिफोर्नियात ‘एन्ड ऑफ ट्रेल’ नावाचा सामना भरला, आणि १९८७ साली या ‘काउबॉय’ नेमबाजीची संघटना स्थापन झाली. स्पर्धकांनी एकोणिसाव्या शतकातील वेष करायचा, टोपणनाव घ्यायचे, आणि त्या काळच्या बांधणीची दोन रिव्हॉल्व्हरे, लिव्हरची रायफल व छर्ऱ्यांची बंदूक घेऊन पोलादी लक्ष्ये टिपायची. हिशेब वेळेचा, आणि हुकलेल्या प्रत्येक नेमामागे पाच सेकंदांचा दंड. यातील बरीच मंडळी आपली काडतुसे स्वतः भरतात.

या छंदातील अडचणींची यादी वाचली, म्हणजे जणू १८७६चीच कागदपत्रे वाचत असल्याचा भास होतो. टोपी केसभर वर राहिली तर रिव्हॉल्व्हरचे चक्र फिरेनासे होते. काडतुसाची लांबी थोडी चुकली तर विंचेस्टरची यंत्रणा मध्येच अडून बसते. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन राखेच्या रूपाने मागे राहतो. तो ओलावा ओढून घेतो, आणि त्याच दिवशी पाण्याने धुतला नाही तर नळीला गंज धरतो. गोळीला मेण व चरबीचे जुने वंगण लावले तर ही राख मऊ राहते, खनिज तेलाचे लावले तर तिचे डांबर होते. १८५७ साली ज्या वंगणाने रण पेटवले, त्याचे कारखान्यातील प्रयोजन हेच होते. बिनधुराच्या दारूची चूक अधिक भयंकर असते. ती इतकी थोडी लागते की जुन्या मोठ्या पुंगळीत दुप्पट पडली तरी डोळ्यांना कळत नाही. काळी दारू पुंगळी भरून टाकते, त्यामुळे ती चूक तेथे होऊच शकत नाही. आणि दारू घालावयाचीच राहिली तर केवळ टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज ‘फुस्स’ असा आला की पंच ताबडतोब थांबवतात, कारण मागून दुसरी गोळी आली तर नळी फुटेल.

या सर्व दोषांत एक साम्य आहे. बंदूक अडते सामन्याच्या दिवशी, परंतु चूक झालेली असते कित्येक दिवस आधी, घरच्या टेबलावर, आपल्याच हातून. म्हणून अनुभवी माणूस बंदुकीला दोष देण्यापूर्वी आपली पुंगळी तपासतो. फ्रँकफर्डच्या सरकारी शस्त्रागारालाही हे शिकावे लागले. १८८२च्या सुमारास अमेरिकन सैन्याला पुन्हा भरता येणारी काडतुसे मिळू लागली, आणि पुढे तांबे जाऊन पितळ आले.

या छंदात वेषभूषेचा खेळ आहे, आणि त्या वेषातून बरेच काही गळते. पोलादी लक्ष्याला जमीन गमावल्याचे दुःख नसते. पश्चिमेचा इतिहास म्हणजे टोप्या आणि रिव्हॉल्व्हरे नव्हे, हे मात्र त्याच पश्चिमेच्या मातीतील पुंगळ्यांनीच सिद्ध केले आहे.

उचलून खिशात टाकलेली पुंगळी पुन्हा भरली गेली, वापरली गेली आणि नाहीशी झाली. घाईत, भीतीत, पळताना जी उचलायची राहून गेली, तीच साक्षीला उरली. जेत्यांनी लिहिलेले आणि पराभूतांनी सारवलेले असे दोन्ही कागद आपण अभ्यासतो, आणि ते आवश्यकच आहे. परंतु ‘काडतूस’ या शब्दातील कागद जळून गेल्यावर मागे जे पितळ आणि तांबे उरले, त्यांना कोणाचीही बाजू घ्यावयाची नव्हती.