अष्टावधान : एका समजुतीचा इतिहास

गेल्या वर्षींची गोष्ट. नौपाड्यांतील आमच्या घरीं मी उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज करीत बसलों होतों. एका कानाला दूरध्वनि लावून एका स्नेह्याशीं बोलणेंही चाललें होतें. दोन्ही कामें उत्तम होत आहेत, अशी माझी खात्री होती. पुढें एक विद्यार्थी खालच्या मानेनें माझ्याकडे आला. त्याच्या ३७ गुणांचे मीं २७ केले होते आणि तेवढ्यानें तो अनुत्तीर्ण ठरला होता. चूक दुरुस्त झाली. परंतु मधले आठ दिवस त्या मुलानें घरांत कसे काढले असतील, हा विचार मला सोडीना. त्याच मुलाला मीं वर्गांत "तुझें लक्ष कोठें आहे?" म्हणून अनेकदां दटावलें होतें.

अशाच एका चुकीपायीं एका माणसाची नोकरी गेली आणि त्यांतूनच पुढें मानसशास्त्राचें एक प्रकरण जन्मास आलें. इंग्लंडांतील ग्रीनिच वेधशाळेंत डेव्हिड किनब्रूक नांवाचा साहाय्यक होता. दुर्बिणींतून तारा तारेवरून सरकतांना डोळ्यांनीं पाहावयाचा आणि त्याच वेळीं घड्याळाचे ठोके कानांनीं मोजावयाचे, असें त्याचें काम असे. त्याच्या नोंदी प्रमुख ज्योतिषी मॅस्केलिन यांच्या नोंदींहून सुमारें आठ दशांश सेकंद मागें पडूं लागल्या. कानउघाडणी करूनही सुधारणा होईना, तेव्हां १७९६ सालीं त्याला काढून टाकण्यांत आलें.

पुढें कांहीं वर्षांनीं बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाच्या दृष्टीस ही हकीकत पडली. त्यानें निष्णात निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तों त्यांच्यांतही फरक आढळला. कधीं कधीं तो एका सेकंदाहूनही अधिक भरला! म्हणजे किनब्रूकचा दोष आळसाचा नव्हता. डोळा आणि कान यांचें काम एकाच क्षणीं जुळविणें मनुष्याच्या मनास साधत नाहीं, आणि त्यांत पडणारें अंतर प्रत्येकाचें निराळें असतें. १८६१ च्या सुमारास वुंट यानें घड्याळाच्या लंबकावर प्रयोग केले, ते याच प्रश्नाच्या मागें लागून.

येथें वाचक साहजिकच विचारतील कीं, मग आपल्याकडचे अष्टावधानी आणि शतावधानी यांचें काय? आठजणांचे आठ प्रश्न एकसमयावच्छेदेंकरून सांभाळणारे पंडित आपल्या देशांत होऊन गेले, आणि तेलुगु प्रांतांत ती परंपरा आजही जिवंत आहे. मुंबईंतही १८८७ सालीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें एकोणीस वर्षांच्या राजचंद्रांनीं शतावधानाचा प्रयोग करून विद्वानांची सभा थक्क करून सोडली आणि सुवर्णपदक मिळविलें.

परंतु या प्रयोगाची रीत बारकाईनें पाहावी. तेलुगु अष्टावधानांत एक पृच्छक समस्या घालतो, दुसरा अक्षर निषिद्ध करितो, तिसरा मधूनमधून घंटा वाजवितो. आणि एकजण तर मुद्दाम भलतेंच बोलून पंडिताचें चित्त विचलित करावें एवढ्यासाठींच बसविलेला असतो. त्या भूमिकेचें नांवच 'अप्रस्तुतप्रसंग'! प्रत्येकाची पाळी मात्र एकामागून एक येते. पंडित एका वेळीं एकच चरण रचतो, तो मनांत ठेवतो आणि पुढच्याकडे वळतो. शेवटीं सर्व पद्यें क्रमानें म्हणून दाखवावयाचीं, त्यास 'धारणा' म्हणतात. तात्पर्य, अष्टावधान म्हणजे अवधानाचे आठ तुकडे नव्हेत. तें आठ वेळां अखंडपणें दिलेलें एकच अवधान होय.

आधुनिक प्रयोगही हेंच सांगतात. एका कामावरून दुसऱ्यावर वळतांना मन वेळाचें मोल मोजतें, हें जर्सिल्ड यानें १९२७ सालीं दाखविलें. १९५३ सालीं चेरी यानें दोन कानांत दोन निरनिराळीं भाषणें ऐकविलीं. ज्यानें एकाकडे लक्ष दिलें, त्याला दुसऱ्यांतील मजकूर सांगतां येईना. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला, एवढेंच काय तें त्याला कळलें.

मग मूल पाळण्यांत निजवून घरकाम करणारी आई? तिचें उत्तर आमच्या नामदेवांनीं सहाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच देऊन ठेविलें आहे. १६०४ सालीं सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथांत त्यांचें एक पद आहे. पोरगा सोबत्यांशीं बोलतो, पण चित्त पतंगाच्या दोरींत. पाणी आणणाऱ्या हसतात खिदळतात, पण चित्त घागरींत. आई कामांत असते, पण चित्त बाळापाशीं. सरावाचें काम हात करितात. चित्त मात्र एकाच ठिकाणीं असतें. वाटून दिलेल्या चित्ताची ही स्तुति नव्हे, न वाटलेल्या चित्ताची आहे.

राजचंद्रांनीं ऐन विशींत अवधानाचे जाहीर प्रयोग सोडून दिले आणि आत्मचिंतनाची वाट धरिली. १८९१ सालीं त्यांना भेटलेल्या गांधीजींनींही त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली खरी. पण मोहिनी पडली ती त्यांच्या शुद्ध चारित्र्याची आणि आत्मदर्शनाच्या तळमळीची.

माझी विद्वत्ता तितक्या उंचीवर जाणारी नाहीं. यंदा उत्तरपत्रिका आल्या तेव्हां मीं दूरध्वनि दुसऱ्या खोलींत ठेविला आणि प्रत्येक बेरीज दोनदां केली. 'लक्ष कोठें आहे?' हा प्रश्न मी वर्गांत अजूनही विचारतों. पण आधीं स्वतःला विचारून मग.