शंभर वर्षांनंतरची सनद

१८६८ साली अमेरिकन सरकारने नाव्हाहो जमातीशी करार केला. त्याआधी चार वर्षे याच लोकांना बंदुकीच्या धाकाने शेकडो मैल चालवत नेऊन बॉस्क रेडोंडोच्या माळावर डांबले होते. घरी परतू देताना घातलेल्या अटींत शिक्षणाचेही कलम होते. सहा ते सोळा वर्षांची मुले शाळेत पाठवायची. दर तीस मुलांमागे सरकार शाळागृह आणि इंग्रजी शिक्षण देणारा शिक्षक पुरवील. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवले गेले, त्या आपल्याला हे कलम उदार वाटेल. पण सक्तीच्या शाळेनेही माणूस पुसून टाकता येतो. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात निघालेल्या कार्लाइल शाळेने त्याचा नमुनाच घालून दिला : आदिवासी मुलांचे केस कापायचे, नावे बदलायची, मातृभाषा तोंडातून निघाली की शिक्षा. (पुढे दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेशांसाठी अमेरिकन सैन्याला हीच नाव्हाहो भाषा चालली!)

कराराला शंभर वर्षे झाली त्याच १९६८ साली नाव्हाहो शासनाने स्वतःच्या महाविद्यालयाला सनद दिली. अमेरिकेत एखाद्या जमातीने स्थापन केलेले हे पहिले महाविद्यालय. जानेवारी १९६९ मध्ये ॲरिझोनातील मेनी फार्म्स येथे, तेही एका सरकारी निवासी शाळेच्या इमारतीत, वर्ग सुरू झाले. नेड हाताथली हे त्याचे पहिले नाव्हाहो अध्यक्ष. १९७३ मध्ये संस्था सेली येथे स्वतःच्या जागेत गेली. जी भाषा बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला, ती तेथे अभ्यासाचा विषय झाली. १९९७ मध्ये नावही बदलले : दिने कॉलेज. ‘दिने’ हे त्या लोकांचे स्वतःचे नाव; ‘नाव्हाहो’ हे इतरांनी दिलेले.

आपल्याकडे १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. संस्था आपली होती. अभ्यासक्रम आणि परीक्षा मात्र उस्मानिया विद्यापीठाच्या. संसदेने २००७ मध्ये कायदा करून अमरकंटकला आदिवासी विद्यापीठ दिले, ते हवेच होते. पण ती सनद संसदेची, कोणत्याही जमातीची नव्हे. हा फरक मला लहान वाटत नाही.

अर्थात दिने कॉलेजही सर्वस्वी स्वतंत्र नाही. त्याच्या अनुदानासाठी १९७१ मध्ये वॉशिंग्टनला कायदा करावा लागला, इतर जमातींच्या महाविद्यालयांसाठी १९७८ मध्ये. आज अशी तीसहून अधिक महाविद्यालये आहेत, आणि त्यांच्या अनुदानाचा आकडा आजही वॉशिंग्टनमध्येच ठरतो.